टिंब, रेघ आणि बोका

माणसाला आदर मिळण्याच्या जागा मोजक्याच. कचेरी, घर, शेजार आणि फारच नशीब असेल तर सासुरवाडी. यातल्या पहिल्या तीन ठिकाणी बापूंची डाळ कधी शिजली नव्हती. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात ते वरिष्ठ होते खरे, पण तिथे वरिष्ठ म्हणजे ज्याच्याकडे ओरडायला लोकांना पाठवतात तो. घरी बायको शाळेत गणित शिकवणारी. नवऱ्याचं कुठलंही विधान तिला सिद्धतेशिवाय मान्य नसे. इमारतीचे ते सेक्रेटरी होते, पण सेक्रेटरीची आठवण लोकांना फक्त पंप बंद पडला की येई.

उरली सासुरवाडी. ती बापूंच्या घरातच राहायला आली होती. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोघं बापूंच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आठवडाभरासाठी म्हणून आले आणि वर्षानुवर्षं रमले. मित्रांनी हळहळ व्यक्त केली. बापूंनी मात्र छाती पुढे काढली, कारण या घरात त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी ओळखलं होतं.

"जावईबापू दमून आलेत, पंखा लाव गं," सासरेबुवा म्हणत.

"साय जावईबापूंना काढून ठेवलीय हो मी," सासूबाई म्हणत.

"सांगा ना जावईबापू, त्या पंपाचं काय झालं पुढे?" दोघंही म्हणत, आणि बापू पंपाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत. ही हाक खिडकीतून इतक्या वेळा ऐकू जाई की अख्खी इमारत त्यांना बापू म्हणायला लागली. खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं. बायको तेवढी म्हणे, "तीच गोष्ट किती वेळा सांगाल? त्या पंपालासुद्धा कंटाळा आला असेल." बापू तिच्याकडे दुर्लक्ष करत. ज्याच्या पदरात सासू-सासऱ्यांचं प्रेम आहे, त्याने बायकोच्या बोलण्याला किती महत्त्व द्यायचं याला मर्यादा असते.

तर या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. दोघांनी उभी हयात तारघरात काढली होती. ते एका गावच्या तारघरात, त्या दुसऱ्या गावच्या. चेहरा पाहण्याआधी दोघांनी एकमेकांचा हात ओळखला होता. तार पाठवणाऱ्याच्या बोटांची जी खास लय असते तिला त्या धंद्यात 'हात' म्हणतात. सासरेबुवा अजूनही सांगत, "हिचा हात असा स्वच्छ होता, की वाटलं, बाई दिसायला कशीही असली तरी चालेल." सासूबाई त्यावर पेल्यावर नखं वाजवत आणि सासरेबुवा खुदकन हसत.

बापूंच्या डोक्यात कल्पना चमकली. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आपण या दोघांना त्यांच्याच भाषेत, तारेच्या टिंबा-रेघांमध्ये शुभेच्छा द्यायच्या! गुपचूप शिकायचं आणि ऐन वेळी थक्क करायचं. सासरेबुवांच्या डोळ्यांत पाणी, सासूबाईंचा पदर डोळ्यांना आणि बायकोचं तोंड उघडं, हे चित्र बापूंना इतकं आवडलं की त्यांनी त्याच दिवशी सरावाचं यंत्र मागवून टाकलं.

यंत्र साबणाच्या पेटीएवढं होतं. वर एक खटका, पुढे छोटा पडदा, बाजूला बोटाएवढा भोंगा. खटका पटकन दाबला की 'टिं', म्हणजे टिंब. दाबून धरला की 'टीं', म्हणजे रेघ. टिंबं-रेघा जुळल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षर उमटे. यंत्र स्वतःही अक्षरं वाजवून दाखवी, आणि चुकीचं उत्तर दिलं की गुरगुरल्यासारखा आवाज काढी. पहिल्या सकाळी ते इतकं गुरगुरलं की बापूंना कचेरीत असल्यासारखं वाटलं.

सराव घरात उघडपणे शक्य नव्हता. दोन मुरलेले तारबाबू तळमजल्यावर कान टवकारून बसलेले. मुळात बापूंनी इथेच थांबून थोडा विचार करायला हवा होता. जेवणाच्या टेबलावर सासरेबुवा चमचा ताटलीवर आपटत आणि घासत. टक, टक, खर्र. सासूबाई नखं पेल्यावर वाजवत. टिक, टिक, सर्र. हा आवाज कमी व्हावा म्हणून बापूंनी एकदा टेबलावर जाड कापड अंथरून पाहिलं होतं. सासरेबुवांनी "जावईबापू किती काळजी घेतात" म्हणत ते घडी करून बाजूला ठेवलं होतं. तुमच्यासारख्या हुशार माणसाच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. बापूंच्या आलं नाही. बापूंच्या मते तार म्हटली की खांब आला, तार आली. चमच्याला कुठली आलीय तार? पाणी नळातूनच येतं अशी ज्यांची खात्यावर श्रद्धा असते, त्यांचं असंच होतं.

पहिले काही दिवस त्यांनी न्हाणीघरात नळ सोडून सराव केला. बायकोने दार ठोठावलं. "अहो, पाणीपुरवठा खात्यातला माणूस, आणि धो धो पाणी सोडून करताय काय आत?" दचकून बापूंच्या हातून यंत्र बादलीत पडलं. पुसून, वाळवून, फुंकून पाहिलं. भोंगा वाजला, खटका चालला, पण पडदा कायमचा गेला. आता अक्षर दिसणार नाही, फक्त ऐकू येणार. बापूंना फार वाईट वाटलं. पुढे जे झालं त्यात या बादलीचा वाटा मोठा आहे, म्हणून तिची इथे नोंद.

मग बापूंनी गच्ची गाठली. पाण्याच्या टाकीमागे बसून ते रोज सकाळी टिं टिं करू लागले. आठवडा गेला नाही तोच सेक्रेटरी या नात्याने त्यांच्याकडे तक्रार आली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर स्वतः खाली उतरून आले.

"बापू, छतातून काहीतरी वाजतंय. टिं टिं टीं. मला वाटतं टाकीला तडा जातोय."

"तडा टिं टिं करत नाही हो," बापू घाम पुसत म्हणाले.

"मग काय करतं? तुम्ही बघा तरी वर जाऊन."

"पाहतो. आपली तक्रार विचाराधीन आहे." हे वाक्य बापूंच्या तोंडून झोपेतही निघत असे.

सासरेबुवा शेजारीच पेपर वाचत बसले होते. त्यांनी चौकशी केली, "आवाज नक्की कसा येतो, डॉक्टर?" डॉक्टरांनी तो करून दाखवला. पण त्या गृहस्थांच्या अंगात लय म्हणून नव्हती. त्यांनी टिटवी ओरडल्यासारखं काहीतरी केलं, आणि सासरेबुवांनी निराशेने पेपर पुन्हा वर धरला. बापूंचा जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ तिथे राहिला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटचं एक वैशिष्ट्य होतं. त्याला कुठल्याही विषयातलं काही कळत नसे, आणि सल्ला सगळ्या विषयांत तयार असे. त्याने जाहीर केलं की हा शॉर्ट सर्किटचा पूर्वइशारा आहे आणि इमारतीचा विमा नाही. तातडीची सभा भरली. चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष अर्थातच सेक्रेटरी. अशा रीतीने बापूंनी बापूंना शोधण्याचं काम हाती घेतलं.

समितीने वायरमनला बोलावलं. वायरमनने गच्चीवरच्या सगळ्या वायरी पाहिल्या, मान हलवली, आणि ज्याने कुणी हे काम केलंय तो वायरमन नव्हताच, असं सांगितलं. सगळे वायरमन आधीच्या वायरमनबद्दल हेच सांगतात. मग त्याने काहीतरी ओढलं आणि लिफ्ट मध्येच थांबली. आत विमा एजंट. तो आपत्कालीन घंटा दाबून बसला.

बापू तेव्हा टाकीमागे होते. वायरमन जिन्याकडच्या टोकाला आहे, मधे टाकी आहे, तेवढ्यात दोन अक्षरं उरकून घेऊ, हा त्यांचा बेत. खालून घंटा ऐकू आली. टीं, टीं, टीं, टीं. नुसत्या रेघा. बापूंनी डोळे मिटून लक्ष दिलं. कोणीतरी नवशिका दिसतोय, त्यांना वाटलं; एकच अक्षर घोकतोय. आपल्या इमारतीत आणखी कुणाला हा नाद आहे, या आनंदात त्यांनी यंत्रावर हळूच उत्तर दिलं: हळू, हळू, जमेल.

डॉक्टर आणि वायरमन टाकीला वळसा घालून आले तेव्हा सेक्रेटरी मांडी घालून, मांडीवर साबणाची पेटी घेऊन, अडकलेल्या माणसाला धीर देत बसले होते.

कबुली देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बापूंनी सगळं सांगितलं, फक्त सासू-सासऱ्यांपर्यंत आणि बायकोपर्यंत जाऊ देऊ नका, म्हणाले. लिफ्टमधून सुटून आलेला विमा एजंट रागवायचं विसरला आणि त्याचे डोळे लकाकले. "बापू, हे आता खाजगी राहिलं नाही. हा सोसायटीचा कार्यक्रम! तळमजल्याच्या हॉलमध्ये. केक, खुर्च्या, माइक, आणि मग तुमची टिं टिं."

हॉलमध्ये आवाज करणारं कुठलंही उपकरण आणायला बंदी होती. नियम बापूंनीच केला होता, एका मुलाच्या वाढदिवसाला पिपाण्या वाजल्यानंतर. आता त्यांना स्वतःकडेच सवलतीचा अर्ज करावा लागला, दोन प्रतींत. एजंटने आणखी एक खुसपट काढलं. "असल्या यंत्राला सरकारी परवाना लागतो. नंतर भानगड नको." बापू अर्धा दिवस रजा टाकून परवान्याच्या कचेरीत गेले.

"हे वायरने जातं?" खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं.

"नाही."

"म्हणजे बिनवायरचं?"

"तसंही नाही. कुठेच जात नाही. वाजतं नुसतं."

कारकुनाने यंत्र उलटंसुलटं केलं. "जे कुठेच जात नाही त्याची खिडकी आमच्याकडे नाही. अर्ज ठेवून जा. विचाराधीन आहे." बापूंना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की हे वाक्य समोरच्या बाजूने कसं ऐकू येतं.

पडदा नसल्यामुळे बापूंचे कान मात्र तयार झाले. हळूहळू त्यांना सगळीकडे अक्षरं ऐकू येऊ लागली. कचेरीतला प्रिंटर 'आय आय आय' करी. गळका नळ नुसती 'ई' टाकी. कार्यक्रमाला आठवडा उरला होता. अशा एका दुपारी सुट्टी होती, सगळे जेवायला बसले होते आणि बापू भातावर साय घेत होते. सासरेबुवांचा चमचा ताटलीवर पडला. खर्र, टक टक टक. खर्र खर्र खर्र. खर्र टक खर्र. टक खर्र.

बापूंच्या हातातला घास थांबला. बो. का.

बोका! बापू चक्रावले. तारबाबूची बोटं आहेत, सवयीने चालतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तोच चमचा पुढे बोलला: बोका साय खातोय.

बापूंनी खाली वाकून टेबलाखाली पाहिलं.

"काय हरवलं, जावईबापू?" सासूबाईंनी मायेने विचारलं.

"बोका... म्हणजे, मांजर शिरलंय का घरात?"

"नाही बाई. असलं तर साईची वाटी उचलून ठेवा हो." आणि त्यांची नखं पेल्यावर टिकटिकली: बोका बोका शोधतोय. सासरेबुवांना ठसका लागला. बापूंनी धावत जाऊन त्यांची पाठ चोळली.

दोन दिवस बापू खरंच मांजर शोधत होते. माणूस आपल्याबद्दलचं वाईट मानायला किती वेळ लावतो हे पाहण्यासारखं असतं. माळा पाहिला, जिन्याखाली पाहिलं, दुधाचं पातेलं झाकलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सोसायटीच्या बैठकीला निघाले तेव्हा चमच्याने सांगितलं: बोक्याची मीटिंग आज. बापू बूट घालता घालता तसेच बसले. इमारतीत पुष्कळ मांजरं होती, पण कार्यकारिणीवर एकही नव्हतं.

त्यानंतर त्यांना जे जे ऐकू आलं त्याने बापू अक्षरशः गार पडले. तोंडाने एक आणि चमच्याने दुसरंच! तोंडाने: "सांगा ना जावईबापू, पंपाचं." चमच्याने: आला पंप. नखांनी: तू हुं म्हण, मी झोपते. तोंडाने: "जावईबापूंचा आवाज गोड, एकदा गाणं म्हणा की." चमच्याने: देवा, म्हणतोय खरंच. तारेत शब्द वाचवायची सवय, त्यामुळे आदराचं बहुवचनही तिथे गळालेलं. इतकी वर्षं या टेबलावर बापू पाहुण्यांसमोर सासू-सासऱ्यांचं कौतुक करत होते, आणि त्याच वेळी समोर सासू-सासरे त्यांची मापं काढत होते. आणि वर ते कापड! बापूंनी ते नकळत त्या दोघांच्या तोंडात बोळा कोंबावा तसं अंथरलं होतं, आणि सासरेबुवांनी ते किती नम्रपणे घडी करून ठेवलं होतं!

बापूंना जेवण जाईना. कचेरीत एका तक्रारदाराला त्यांनी "बरोबर आहे तुमचं, कुणावर विश्वास ठेवू नये" असं सांगितलं; तो घाबरून तक्रार न देताच गेला. जगातली एकुलती एक आदराची जागा, आणि तीसुद्धा पोकळ निघाली. दुःखामागून संताप आला. संतापामागून बेत. कार्यक्रम होऊ द्या, बापूंनी ठरवलं. अख्ख्या इमारतीसमोर मी शुभेच्छा देईन, आणि मग माइक हातात घेऊन सांगेन, आता ऐका, या घरात चमचे काय बोलतात. मग बघू कोण कुणाला बोका म्हणतं.

कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी ते बाहेरच्या खोलीत हे भाषण मनात घोळवत बसले होते. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. सासरेबुवा ओट्याजवळच्या खुर्चीत चहा पीत होते, बायको भाजी चिरत होती.

"अहो!" तिथूनच ती कडाडली. "न्हाणीघरातला दिवा बदलायला सांगून किती दिवस झाले? तुमच्याच्याने एक काम होईल तर शपथ!"

"होय होय, बदलतो," बापू म्हणाले.

सासरेबुवांचा चमचा बशीवर बोलला: बोका विसरला.

आणि मग बापूंनी आणखी काही ऐकलं. भाजी चिरायच्या फळीवर सुरी वाजत होती. टक टक, आणि मग फळीवरून ओढल्यासारखी सर्र. आजवर ती भाजी चिरतेय असंच त्यांना वाटे. सुरी म्हणाली: बाबा, पुरे.

बायकोसुद्धा! अर्थात, तारबाबूंच्या पोटची पोर. बोलायच्या आधी टिकटिकायला शिकली असणार. बापू भिंतीला टेकले. म्हणजे तीन. म्हणजे टेबलावर चार माणसं, आणि न कळणारा एकटा मी. आता ही काय जोडते याची वाट पाहत ते श्वास रोखून बसले. गणिताची बाई, तिने तर आकडेवारीच दिली असेल.

चमच्याने विचारलं: का?

सुरी स्वच्छ, सावकाश, सासूबाईंसारख्या हाताने बोलली: माझा आहे तो.

तोंडाने ती त्याच वेळी म्हणत होती, "आणि दिवा बदलताना स्टुलावर चढाल ते नीट चढा, मागच्या वेळेसारखे माझ्या अंगावर पडू नका!"

इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने त्यांना "बरं झालं" याच्यापलीकडे प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. आणि हे वाक्य! किती वेळा ते असं फळीवर, कढईच्या काठावर, टेबलाच्या कडेवर वाजून गेलं असेल, आणि आपण पंपाची गोष्ट सांगत बसलो असू? बापूंनी जाऊन न्हाणीघरातला दिवा बदलला. बदलताना त्यांचे डोळे भरून आले होते, बायकोने पाहिलं आणि म्हणाली, "चष्मा लावा आधी, मग दिवे लावा."

भाषण रद्द झालं. पण आता वेगळाच घोर लागला. बापूंना ऐकू येतं हे एकदा घरात कळलं, की चमचा गप्प होईल, नखं गप्प होतील. त्याचं काही नाही. पण सुरीही गप्प होईल. ते वाक्य पुन्हा कधीच वाजणार नाही. हे बापूंना आता कुठल्याही मानापमानापेक्षा भारी वाटत होतं. त्यांनी एजंटला गाठलं. "टिं टिं राहू दे. नुसता केक कापू."

"बापू, लोकांना सांगून झालंय! डॉक्टर दवाखाना बंद ठेवणारेत. तुम्ही आता माघार घेतलीत तर सेक्रेटरी म्हणून तुमचं तोंड काय राहील?"

झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल भरला. पहिल्या रांगेत सासू-सासरे, शेजारी बायको, टेबलावर अखंड केक. एजंटने माइकवर घोषणा केली, आणि बापूंनी खिशातून साबणाची पेटी काढली. ती पाहताच सासरेबुवांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. बापूंनी खटका दाबला. पन्नास वर्षांच्या शुभेच्छा. हात जड होता, घाबरलेला होता, पण प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ होतं.

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मात्र तिघंही पांढरीफटक पडली होती. सासूबाईंनी बायकोकडे पाहिलं, बायकोने सासरेबुवांकडे पाहिलं, सासरेबुवांनी छताकडे पाहिलं. तिघांच्याही डोळ्यांसमोरून इतक्या वर्षांची जेवणं सरकत असावीत.

"पाठ केलं असेल," सासूबाई पुटपुटल्या. बापूंनी ते ऐकलं आणि पटकन म्हणाले, "हो हो, पाठच केलंय. ऐकलेलं काही कळत नाही मला."

इथे प्रकरण मिटलं असतं. पण विमा एजंट माइक सोडायला तयार नव्हता. "आता काका उत्तर पाठवतील, आणि बापू ते आपल्याला वाचून दाखवतील! प्रयत्न करा हो बापू, आमच्यासाठी!"

टाळ्यांच्या कडकडाटात यंत्र सासरेबुवांच्या हातात आलं. त्यांनी खटक्यावर बोट ठेवलं, मान वर केली आणि बापूंकडे रोखून पाहिलं. पन्नास वर्षांपूर्वी तारेच्या त्या टोकाला कोण बसलंय हे त्यांनी असंच ओळखलं असणार. मग बोट नाचलं: बोक्याच्या मिशीला केक लागलाय.

बापूंचा हात मिशीवर गेला.

गेला, मिशी पुसली, आणि मग बापूंची नजर टेबलावर गेली. केक अजून कापलाच नव्हता.

हॉलमधल्या कुणालाही काही कळलं नाही. पहिल्या रांगेला सगळं कळलं. बायकोने ओठ दाताखाली धरला. सासूबाईंचा हात तोंडावर गेला. बापूंचे कान लालबुंद झाले. आता काय, खरं वाचून दाखवायचं? दोन दिवसांपूर्वी याच क्षणासाठी त्यांनी भाषण तयार केलं होतं. माइक तोंडासमोर होता, अख्खी इमारत ऐकत होती.

"अं," बापू म्हणाले, "काका म्हणताहेत... सर्वांचे मनापासून आभार. सगळ्यांनी केक खाल्ल्याशिवाय जाऊ नये."

"वा!" डॉक्टर ओरडले. "एवढ्याशा टिं टिं मध्ये एवढं?"

"तारेत थोडक्यात असतं सगळं," सासरेबुवा खाकरत म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

दुपारी घरी चौघं जेवायला बसली. असं शांत जेवण त्या टेबलावर कधी झालं नव्हतं. सासरेबुवांनी चमचा हातात घेतला आणि तो साप असावा तसा पुन्हा खाली ठेवला. सासूबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. बायको वाढत होती, पण पळी पातेल्याच्या काठाला चुकूनही लागू देत नव्हती. कुणी जावईबापू म्हणेना. कुणी पंपाचं विचारेना. बापूंना वाटलं, संपलं. शिव्या गेल्या, कौतुक गेलं, आणि ते एक वाक्यही गेलं. शिकायला गेलो आणि असलेलं घालवून बसलो. त्यांना त्या गुरगुरणाऱ्या यंत्राचा, स्वतःच्या हौसेचा आणि न कापलेल्या त्या केकचा भयंकर राग आला.

मग त्यांनी चमचा उचलला. ताटलीच्या काठावर, जड हाताने, चाचपडत वाजवलं. खर्र खर्र. खर्र टक खर्र खर्र. टक खर्र. टक टक टक खर्र.

म्याव.

सासूबाईंच्या घशातून चमत्कारिक आवाज निघाला आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला. सासरेबुवा ताटलीकडे टक लावून बसले होते. त्यांचे खांदे हलायला लागले, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. जुना तारबाबू. त्यांनी सावकाश मान वर केली, घसा साफ केला आणि जगातल्या सगळ्या आदराने म्हणाले,

"अगं, जावईबापूंना वाटीभर दूध दे."

बायकोने वाटी भरून बापूंसमोर ठेवली. बापूंनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि तळ दिसेपर्यंत प्यायले. वाटी खाली ठेवली तेव्हा मिशीवर पांढरी रेघ उमटली होती.

"अहो, मिशी पुसा आधी! लहान आहात का?" बायको खेकसली. आणि तिच्या नखाने टेबलाच्या कडेवर, अगदी बापूंच्या हाताजवळ, हळूच वाजवलं: राहू दे.

बापूंनी मिशी पुसली नाही.